शाळेला मुकलेले चित्रमहर्षी : मरहूम मेहबूब खान

आपल्या समाजात एखाद्या मुलाने शाळा सोडण्याचा हट्ट धरला म्हणजे एक युक्तिवाद हमखास कानी पडतो. अमका माणूस कोठे शिकला होता, तरी तो नावारूपास आलाच ना, असे मुलगा विचारतो आणि घरातील वडीलधारी मंडळीही कधी कधी मान डोलावतात. अशा वेळी जी उदाहरणे पुढे केली जातात, त्यांत विख्यात चित्रपट निर्माते व दिग्दर्शक मरहूम मेहबूब खान यांचेही नाव असते. खेड्यातून आलेला, लिहिता-वाचता जेमतेम येणारा एक मुलगा मुंबईत आला, चित्रपटांत गर्दीतील कामे करू लागला आणि पुढे स्वतःच्या संस्थेचा, स्वतःच्या स्टुडिओचा मालक झाला. त्याचा चित्रपट ऑस्कर पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन पोहोचला. मग शाळेची गरज ती काय, असा निष्कर्ष काढणे सोपे वाटते.

पण मेहबूब खान यांचे चरित्र शांतपणे पाहिले म्हणजे याच्या अगदी उलट गोष्ट ध्यानात येते. ज्याला अक्षरांचा लाभ झाला नाही, त्या माणसाने जन्मभर अक्षर जाणणाऱ्यांची संगत धरली आणि आपल्या सर्वांत मोठ्या चित्रपटात निरक्षरतेमुळे उद्ध्वस्त झालेल्या एका कुटुंबाची कहाणी सांगितली. शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांची जीवनकथा देण्याचे प्रयोजन हेच आहे. सिनेमाविषयी आपल्यापैकी अनेकांचे मत अनुकूल नसेल, आणि मुलांनी घर सोडून सिनेमाच्या मागे धावावे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. एका कर्तबगार माणसाच्या आयुष्यातून आपल्या मुलांनी काय घ्यावे, एवढाच येथे विचार आहे.

बिलिमोऱ्याहून मुंबईस

मेहबूब खान यांचे वडील रमजान खान. मेहबूब यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०७ रोजी तत्कालीन बडोदा संस्थानातील बिलिमोरा येथे झाला. दक्षिण गुजरातमधील हा मुलूख शेतीवाडीचा. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाला शिकवून मोठे करण्याची ऐपत आणि सोय अशा घरांना त्या काळी क्वचितच असे. मेहबूब यांचे शालेय शिक्षण झाले नाही म्हटले तरी चालेल. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांचे लिहिणे सही करण्यापलीकडे फारसे गेले नाही, असे सांगितले जाते.

मात्र लहानपणी जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांच्या मनात पक्के ठसले. पावसाची वाट पाहणारा शेतकरी, बैलजोडी, पिकावर नजर ठेवणारा सावकार, घर सांभाळणारी कष्टाळू बाई, ही सारी माणसे पुढे त्यांच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा आली. पुस्तकातून मिळाले नाही ते त्यांनी निरीक्षणातून मिळविले.

तरुण वयात ते मुंबईस आले. प्रारंभी त्यांनी घोड्यांच्या तबेल्यात काम केले, असे सांगितले जाते. त्या काळी चित्रपट मूक होते. अर्देशीर इराणी यांची इंपीरियल फिल्म कंपनी ही मुंबईतील नामांकित संस्था. तेथे मेहबूब यांना गर्दीतील किरकोळ कामे मिळू लागली. १९२७ सालच्या अलीबाबाच्या कथेवरील मूकपटात चाळीस चोरांपैकी एक चोर, ही त्यांची भूमिका. चाळिसांतील एकाची ओळख प्रेक्षकांना पटणे शक्यच नव्हते. पण स्टुडिओत राहून त्यांनी कॅमेरा कोठे ठेवतात, प्रकाश कसा पाडतात, दिग्दर्शक नटाकडून काम कसे करवून घेतो, हे सारे बारकाईने पाहिले. त्यांची शाळा म्हणावी तर ती हीच.

१९३१ साली इराणी यांनी 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट काढला. त्यात नायकाच्या भूमिकेसाठी प्रथम मेहबूब यांचा विचार झाला होता. पुढे ती भूमिका त्या वेळचे लोकप्रिय मराठी नट मास्टर विठ्ठल यांना मिळाली. हाताशी आलेली संधी निसटली. तेवीस वर्षांच्या तरुणाला याचे किती दुःख झाले असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. एखादा निराश होऊन गावी परतला असता. मेहबूब परतले नाहीत. ते सागर मूव्हीटोन या नव्या संस्थेत दाखल झाले, मिळतील त्या लहान भूमिका करीत राहिले आणि मनात एक नवीन इच्छा बाळगू लागले. पडद्यावर दिसण्यापेक्षा पडद्यामागे उभे राहून चित्रपट घडवावा, ही ती इच्छा.

नोकरीतील दिग्दर्शक

सागरचे चालक चिमणलाल देसाई यांनी १९३५ साली त्यांना दिग्दर्शनाची संधी दिली. 'अल हिलाल' अथवा 'जजमेंट ऑफ अल्लाह' हा त्यांचा पहिला चित्रपट. रोमन आणि मुस्लिम सैन्यांमधील संघर्षाची ती कथा होती. या चित्रपटापासून छायाचित्रकार फरिदून इराणी यांची व त्यांची जोडी जमली आणि ती जवळजवळ अखेरपर्यंत टिकली. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चांगला सहकारी मिळाला की त्याला धरून ठेवावे, त्याच्या कसबाचा मान राखावा, हा मेहबूब यांचा स्वभाव होता.

यानंतर 'डेक्कन क्वीन', 'मनमोहन', 'जागीरदार', 'वतन', 'एक ही रास्ता' असे त्यांचे चित्रपट ओळीने आले. त्या काळी स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच असे. नट, लेखक, संगीतकार, दिग्दर्शक, सुतार, रंगारी सारे महिन्याच्या पगारावर. कोणता चित्रपट काढावयाचा, त्यावर किती खर्च करावयाचा हे मालक ठरवी. दिग्दर्शकाला पगार निश्चित मिळे. मात्र त्याचा शब्द अखेरचा नसे.

सागरचे पुढे नॅशनल स्टुडिओत रूपांतर झाले आणि तेथे मेहबूब यांनी तीन महत्त्वाचे चित्रपट केले. १९४० चा 'औरत', १९४१ चा 'बहन' आणि १९४२ चा 'रोटी'. 'औरत'ची कथा बाबूभाई मेहता यांची व संवाद वजाहत मिर्झा यांचे. नवरा सोडून गेलेली एक शेतकरी बाई सावकाराच्या कर्जाखाली मुले कशी वाढविते, याचे ते चित्रण होते. नायिका सरदार अख्तर यांच्याशी पुढे मेहबूब यांचा विवाह झाला. 'रोटी'त त्यांनी पैशाच्या लोभावर कोरडे ओढले. सोन्याने भरलेली मोटार जवळ असताना पाण्यावाचून वाळवंटात तडफडून मरणारा धनिक, हा त्या चित्रपटाचा शेवट प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला. या चित्रपटात चंद्रमोहन, शेख मुख्तार, सितारादेवी यांच्याबरोबर विख्यात गायिका बेगम अख्तर यांनीही भूमिका केली होती.

स्वतःची संस्था

दुसरे महायुद्ध चालू होते. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले होते. अशा अडचणीच्या दिवसांत मेहबूब यांनी पगाराची नोकरी सोडून मेहबूब प्रॉडक्शन्स ही स्वतःची संस्था काढली. स्वतंत्र निर्माता होणे म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. चित्रपट पूर्ण होण्याआधी वितरकांकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची, कर्ज काढावयाचे, नटनटी व तंत्रज्ञांचे पैसे भागवावयाचे आणि चित्रपट पडला तर सारा बोजा स्वतःच्या डोक्यावर घ्यावयाचा. हिशेब, करारमदार, कायदेशीर कागद यांचे जंजाळ वेगळेच. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याने हे धाडस करणे किती जोखमीचे, हे कोणत्याही व्यापारी माणसाला कळेल. प्रत्येक कागद दुसऱ्याने वाचून दाखवावयाचा आणि त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबावयाचे. मेहबूब यांना भरवशाची माणसे मिळाली, आणि त्यांनी ती जपली. पण असे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही.

संस्थेचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी हातोडा व विळा घेतला. कामगार आणि शेतकरी यांच्याविषयीची त्यांची आस्था त्यातून दिसे. त्या चिन्हाबरोबरच पडद्यावर एक उर्दू शेर ऐकू येई. कोणी कितीही वाईट चिंतिले तरी अखेर अल्लाहच्या मर्जीप्रमाणेच घडते, असा त्याचा आशय. काहींना या दोन गोष्टींचा मेळ विचित्र वाटे. मेहबूब यांना त्यात काहीच विसंगत वाटले नाही. ते नमाजाचे पाबंद होते व कामाच्या गर्दीतही नमाज चुकवीत नसत, अशी त्यांची ख्याती होती. कष्टकऱ्याची कणव आणि अल्लाहवरचा भरवसा या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात सुखाने नांदत होत्या.

१९४३ साली संस्थेचा 'नजमा' हा चित्रपट आला. लखनौच्या मुस्लिम घराण्यांतील ही कथा, आणि तीत अशोककुमार व वीणा यांच्या भूमिका होत्या. त्याच वर्षी 'तकदीर'मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या नर्गिसला नायिका म्हणून पुढे आणले. १९४५ साली 'हुमायूँ' आला. मोगल बादशहा एका रजपूत राजकन्येला बहीण मानतो, अशी त्याची कथा. देशात हिंदू-मुस्लिम तेढ वाढत असताना त्यांनी हा विषय निवडला, यावरून त्यांच्या विचारांची दिशा कळते. १९४६ चा 'अनमोल घडी' नूरजहाँ, सुरैया व सुरेंद्र यांच्या गाण्यांनी गाजला. त्याचे संगीतकार नौशाद. फरिदून इराणींप्रमाणेच नौशादही मग मेहबूब यांचे कायमचे सोबती झाले.

शिक्षणावरील चित्रपट

१९४७ साल उजाडले. देश स्वतंत्र झाला आणि फाळणीही झाली. नूरजहाँसारखे अनेक कलावंत पाकिस्तानात गेले. मेहबूब खान यांची कर्मभूमी मुंबईच राहिली आणि त्यांचे सर्व मोठे कार्य त्यानंतर येथेच झाले.

याच वर्षी त्यांचा 'एलान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांनी या चित्रपटाचे नाव आवर्जून ध्यानात ठेवावे. मुस्लिम घरातील दोन सावत्र भावांची ही कथा. सुरेंद्र व मुनव्वर सुलताना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. त्या काळी मुस्लिम समाजावरील चित्रपट म्हटला म्हणजे नवाबी थाट, मुशायरे आणि पडद्याआडचे प्रेम एवढेच प्रेक्षकांना अपेक्षित असे. मेहबूब यांनी त्या चौकटीत एक वेगळाच प्रश्न आणून ठेवला. मुस्लिम समाजाला शिक्षणाची गरज आहे, अज्ञान हे घराच्या नाशाचे कारण होते, हा 'एलान'चा संदेश होता. समाजाच्या इतिहासातील अत्यंत कठीण वर्षी, जेव्हा अनेकांना उद्या काय होईल याचीच चिंता होती, तेव्हा स्वतः शाळेत न गेलेल्या या माणसाने आपल्या बांधवांना शाळेकडे बोट दाखविले. मेहबूब यांच्या नावाने शाळेविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते देता येईल?

'आन' आणि वांद्र्याचा स्टुडिओ

१९४९ साली 'अंदाज' आला. नर्गिस, दिलीपकुमार आणि राज कपूर हे तिघे त्यात होते. दिलीपकुमार व राज कपूर यांनी एकत्र काम केलेला हा एकमेव चित्रपट. मुंबईच्या मरीन लाइन्स भागातील लिबर्टी चित्रपटगृहाचे उद्घाटन याच चित्रपटाने झाले.

'अंदाज'च्या यशावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. मेहबूब यांनी रंगीत चित्रपटाचा घाट घातला. भारतात तेव्हा टेक्निकलर पद्धतीची प्रयोगशाळा नव्हती. म्हणून त्यांनी 'आन' हा चित्रपट १६ मिलिमीटरच्या गेवाकलर फिल्मवर घेतला आणि लंडन येथे तो मोठा करून टेक्निकलरमध्ये छापून घेतला. दिलीपकुमार, निम्मी व प्रेमनाथ यांच्याबरोबर नादिरा ही नवी नायिका त्यांनी या चित्रपटात आणली. १९५२ साली 'आन' लंडनमध्येही प्रदर्शित झाला आणि पुढे परदेशांतही पाहिला गेला. इंग्रजी न शिकलेल्या या निर्मात्याने विलायतेतील तंत्रज्ञांकडून आपल्या मनाप्रमाणे काम करवून घेतले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९५४ साली वांद्रे येथे हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. एके काळी दुसऱ्याच्या स्टुडिओत चाळीस चोरांपैकी एक म्हणून उभा राहणारा मुलगा आता स्वतःच्या स्टुडिओचा धनी झाला. हा स्टुडिओ केवळ त्यांच्या संस्थेपुरता नव्हता. इतर निर्मातेही तेथे चित्रीकरण करीत. गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल' या १९५९ सालच्या चित्रपटातील प्रकाशाच्या झोताचे प्रसिद्ध दृश्य याच स्टुडिओत घेतलेले आहे.

त्याच वर्षी त्यांचा 'अमर' आला. एका अबलेवर अत्याचार करून गप्प राहणाऱ्या प्रतिष्ठित वकिलाची कथा त्यात होती आणि ती भूमिका दिलीपकुमार यांच्यासारख्या लाडक्या नटाने केली होती. प्रेक्षकांना हे रुचले नाही व चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही. पण शिकलेला माणूसही सदसद्विवेक गमावून बसला तर त्याचे शिक्षण व्यर्थ, ही गोष्ट त्यातून त्यांनी स्पष्टपणे मांडली. आपल्या विद्यार्थ्यांनी ही दुसरी बाजूही विसरू नये.

'मदर इंडिया'

सतरा वर्षांपूर्वी नोकरीत असताना केलेला 'औरत' मेहबूब यांच्या मनातून गेला नव्हता. तीच कथा मोठ्या प्रमाणावर, रंगात आणि आपल्या इच्छेनुसार सांगावी असे त्यांनी ठरविले. नाव ठेविले 'मदर इंडिया'. अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयो हिने १९२७ साली याच नावाचे पुस्तक लिहून हिंदी समाजाची व स्त्रियांच्या स्थितीची निंदा केली होती. १९५५ साली हे नाव कानी येताच सरकारी खात्यांना शंका आली आणि त्यांनी पटकथा तपासण्यासाठी मागविली. मेहबूब यांनी पटकथा पाठविली व खुलासा केला की, त्या पुस्तकाला उत्तर म्हणूनच हे नाव मुद्दाम घेतले आहे.

चित्रीकरण स्टुडिओबरोबर खेड्यापाड्यांतही झाले. गुजरातमध्ये उमरा या गावी आगीचे दृश्य घेताना ज्वाळा भडकल्या आणि नर्गिस त्यांत सापडल्या. चित्रपटात त्यांच्या मुलाची भूमिका करणारे सुनील दत्त यांनी आगीत शिरून त्यांना बाहेर काढले. पुढे १९५८ साली त्या दोघांचा विवाह झाला. चित्रपटाला सुमारे ६० लाख रुपये खर्च आल्याचे सांगितले जाते. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या सुमारास, 'मदर इंडिया' प्रदर्शित झाला.

या चित्रपटाची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पण ती शिक्षणाच्या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावी. राधाच्या लग्नासाठी तिच्या सासूने सुखीलाला या सावकाराकडून पाचशे रुपये कर्ज घेतलेले असते. कर्जाची शर्त काय, यावर वाद होतो. गावातील जाणती मंडळी सावकाराच्या बाजूने निकाल देतात आणि पाचशे रुपयांच्या व्याजापोटी दरवर्षी पिकाचा तीन चतुर्थांश भाग त्याच्या घरी जाऊ लागतो. मुद्दल तसेच राहते. सासू निरक्षर, मुलगा निरक्षर, सून निरक्षर. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे घरातील कोणालाच वाचता येत नाही. नवी जमीन लागवडीखाली आणण्याच्या खटपटीत नवऱ्याचे हात दगडाखाली चिरडतात व तो घर सोडून जातो. पूर येतो, मुले दगावतात. राधा मात्र चिखलातून उठून उरलेल्या मुलांना वाढविते. धाकट्या बिरजूच्या मनात लहानपणापासून त्या वह्यांचा राग धुमसत असतो. शेवटी तो दरोडेखोर होतो, सावकाराच्या वह्या जाळतो, त्याला ठार मारतो आणि त्याच्या मुलीला पळवून नेऊ लागतो. तेव्हा गावाची अब्रू राखण्यासाठी आईलाच आपल्या मुलावर गोळी झाडावी लागते.

विचार करा. एवढ्या मोठ्या शोकांतिकेचे मूळ कोठे आहे? एका न वाचलेल्या कागदात. बिरजूला वह्या वाचता आल्या असत्या, तर त्या जाळण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. लबाडी कोठे आहे यावर बोट ठेवून तो पंचांपुढे, कोर्टापुढे उभा राहिला असता. ज्याला अक्षराने झगडता येत नाही, त्याच्या हाती अखेर बंदूकच उरते, आणि ती बंदूक त्याचाच घात करते. मेहबूब यांनी हे भाषण करून सांगितले नाही, कथेतून दाखविले. ज्याने स्वतः अक्षरांवाचून आयुष्य काढले त्यालाच ही वेदना इतक्या खोलवर समजू शकली असावी, असे आम्हास वाटते.

आता या चित्रपटामागे कोण कोण उभे होते ते पाहा. संवाद वजाहत मिर्झा व अली रझा यांचे, गीते शकील बदायुनी यांची, संगीत नौशाद यांचे, छायाचित्रण फरिदून इराणी यांचे, संकलन शमसुद्दीन कादरी यांचे. शकील हे अलीगढ विद्यापीठात शिकलेले. बाकीचेही आपापल्या विद्येत तरबेज. मेहबूब यांनी त्यांच्यापुढे कधी आपल्या मालकीचा तोरा मिरविला असता, तर ही मंडळी इतकी वर्षे त्यांच्याजवळ टिकली नसती. शिकलेल्या माणसाची कदर करणे हाही विद्येचा आदरच आहे.

चित्रपट प्रदर्शित होण्याआधी दिल्लीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद व पंतप्रधान पंडित नेहरू यांनी तो पाहिला. फिल्मफेअरची उत्कृष्ट चित्रपट व उत्कृष्ट दिग्दर्शक ही पारितोषिके त्यास मिळाली. नर्गिस, फरिदून इराणी व ध्वनिमुद्रक कौशिक यांचाही गौरव झाला. राष्ट्रीय पारितोषिकांत त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र लाभले. १९५८ साली कार्लोव्ही व्हेरी येथील महोत्सवात नर्गिस यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ऑस्करसाठी भारताने पाठविलेला हा पहिला चित्रपट. परभाषीय चित्रपटांच्या विभागात त्याची अंतिम पाचांत निवड झाली. पारितोषिक इटलीचे दिग्दर्शक फेलिनी यांच्या चित्रपटास गेले. केवळ एका मताने ते हुकले, असे सांगितले जाते.

अखेरची वर्षे

यानंतर मेहबूब यांनी एकच चित्रपट दिग्दर्शित केला. १९६२ सालचा 'सन ऑफ इंडिया'. 'मदर इंडिया'त लहानपणीच्या बिरजूची भूमिका करणारा साजिद खान त्यात होता. हा चित्रपट चालला नाही. स्वतंत्र निर्मात्याच्या वाट्याला यशाचे श्रेय येते तसे अपयशाचे ओझेही त्यालाच वाहावे लागते. मेहबूब यांनी दोन्ही पाहिले.

मानसन्मान मात्र येत राहिले. १९६१ साली मॉस्को येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात परीक्षक म्हणून त्यांना बोलावण्यात आले. १९६३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पुढच्याच वर्षी, २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब खान अल्लाहला प्यारे झाले. सारा देश पंतप्रधानांच्या शोकात बुडालेला असताना हा कलावंत शांतपणे निघून गेला. त्यांचे वय तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात त्यांचा दफनविधी झाला. २००७ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

पालक आणि विद्यार्थ्यांस

मेहबूब खान शाळेवाचून मोठे झाले, हे खरे. पण त्यासाठी त्यांनी काय काय केले? गर्दीत उभे राहून वर्षानुवर्षे काम पाहिले. हातची भूमिका गेली तरी चार वर्षे धीर धरून दिग्दर्शनाची वाट पाहिली. जे स्वतःला येत नव्हते ते येणाऱ्यांना जवळ केले. एवढी चिकाटी, एवढी नम्रता आणि एवढे निरीक्षण ज्याच्या अंगी आहे त्या मुलाला शाळा मिळाली तर तो कोठवर जाईल, असा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारावा. शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला जर मेहबूब यांचा दाखला द्यावयाचाच असेल, तर तो पुरा द्यावा. त्यांच्यासारखे एखादेच निघतात. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून जमीन, दुकान, नोकरीचा हक्क गमावलेली माणसे मात्र आपल्या गावागावांत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत भेटतील. त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नसेल. त्यांनी मोलमजुरी करून, प्रसंगी दागिने मोडून तुम्हांला येथे पाठविले आहे. त्यांच्या ठायीही मेहबूब यांच्यासारखीच जिद्द आहे. घरी गेलात म्हणजे त्यांच्या नावाने आलेले पत्र, बँकेचा कागद, रेशनचे कार्ड त्यांना वाचून दाखवा, समजावून सांगा. आईला सही करावयास शिकवा. मेहबूब खान यांनी जी उणीव जन्मभर सोसली, ती आपल्या घरात राहू देऊ नका. अल्लाहतआला त्या मरहूम कलावंताला जन्नत नसीब करो, आणि आपल्या समाजातील एकही मूल शाळेला मुकू नये, हीच दुआ.